पहिला ढीग देवाचा

मी वाशीमच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मशीन मोजते. नोकरीचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, म्हणजे डॉक्टर नाही? नाही. मग नर्स? तेही नाही. मग तो विषय बदलतो, नाहीतर घरातल्या बिघडलेल्या फ्रिजचं विचारतो. आईने शेजारीपाजारी मी डॉक्टरच असल्याचं सांगून ठेवलंय, त्यामुळे गल्लीतल्या म्हाताऱ्या मला रस्त्यात गाठून गुडघे दाखवतात. मी गुडघे बघते आणि चालत राहा म्हणून सांगते. आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

खरं काम एवढंच, की किरणोपचाराचं मशीन सांगितले तेवढेच आणि सांगितले तिथेच किरण सोडतं की नाही, हे रोज सकाळी पेशंट यायच्या आत तपासायचं. त्यासाठी डिटेक्टर असतात. त्यातला एक माझा लाडका. दिसायला पेनाच्या टोपणाएवढा, दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आलेला, म्हणजे वापरलेलाच. त्याच्या पोटात मोहरीपेक्षाही बारीक असा एक काप आहे. एरवी त्या कापातून वीज जवळजवळ जातच नाही. किरण पडले की जायला लागते, जोराचे पडले तर जास्त, मंद पडले तर कमी. ती वीज मोजली की किरण मोजले. अरुंद झोत मोजायला त्याच्यासारखा दुसरा नाही. तो काप कारखान्यात बनवलेल्या हिऱ्याचा आहे, हे मात्र मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. आईला कळलं तर ती नाकातल्या चमकीला केवढा बसेल ते विचारील.

त्याला एकच खोड आहे. पेटीतून काढल्याबरोबर तो खरं बोलत नाही. आधी त्याला थोडे किरण खाऊ घालावे लागतात. पहिला आकडा कमी येतो, दुसरा जरा वर, तिसरा आणखी वर, आणि मग कुठे तो एका जागी टिकतो. पोट भरायच्या आधीचे आकडे धरायचे नसतात. हे मी शिकले तेव्हा वर्गात बाकी सगळे वहीत लिहून घेत होते आणि मला हसू येत होतं, कारण मला भाजीबाजारातला माझा मामा आठवला होता.

मामा वाशीमजवळच्या मालेगावचा. गावाला लागून त्याचा मळा आहे, त्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, वेलावर लौकी म्हणजे दुधी. पण त्याची ओळख मळ्यामुळे नाही. पहाटे तो वाशीमच्या भाजीबाजारात एका अडतीवर हर्रास पुकारतो. भाजीचे ढीग मांडलेले, भोवती व्यापारी, आणि मधे मामा भाव चढवत नेणार. ज्याला घ्यायचं त्याने हात वर करायचा. शेवटचा हात ज्याचा, त्याचा ढीग. मामाचा आवाज असा, की बाजाराच्या फाटकाबाहेरचे ऑटोवाले त्यावरून घड्याळ लावत. लहानपणी सुट्टीत मी त्याच्यासोबत मोटारसायकलवर पुढे बसून यायची. तेव्हा बघितलेलं, की पहिल्या ढिगावर तो तीन-चारदा पुकारायचा आणि एकही व्यापारी हात वर करायचा नाही. आवाज घोगरा निघायचा, मधेच फाटायचा, मग हळूहळू मोकळा व्हायचा. मोकळा झाला की तो ढीग बाजूला सरकवायचे आणि खरी हर्रास दुसऱ्या ढिगापासून सुरू. मी विचारलं तर म्हणाला, पहिला ढीग देवाचा, त्याचा भाव धरत नाहीत. तो ढीग मग बाजार झाडणाऱ्या बायका वाटून घेत.

हाच आवाज गेल्या वर्षी बसला. मामाने महिनोन् महिने सर्दीवर ढकललं, ज्येष्ठमध चघळला, मामीने हळदीचं दूध पाजलं, कोणीतरी सांगितलं म्हणून एक आठवडा मौनही पाळलं. मौन त्याला अजिबात जमलं नाही. शेवटी मी ओढून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. स्वरतंतूवर छोटी गाठ निघाली, आणि जी नको होती तीच निघाली.

आमचे डॉक्टर शांत माणूस. त्यांनी मामाला खुर्चीत बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. गाठ लहान आहे, किरणांनी जाईल आणि आवाजही राहील. पण सुट्टीचे दिवस सोडून रोज यायचं, दीड महिना, मधे खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढते. मग उरतं ते ऑपरेशन, त्यात जीव वाचतो पण स्वरयंत्र काढावं लागतं. मामाने टोपी मांडीवर ठेवून सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मुक्या मानसाले कोन पुकारू देईन व पोरी? मी येतो रोज."

आणि आला. पण आमच्याकडे या उपचाराला सगळे 'शेक' म्हणतात, डॉक्टरांपासून ऑटोवाल्यापर्यंत. फलाण्याला शेक चालू आहे, ढमक्याचे शेक संपले. त्यामुळे मामा पहिल्या दिवशी शेकायच्या तयारीने आला. अंगात पातळ सदरा, सोबत पाण्याची मोठी बाटली, आणि घरून निघताना मामीने अंगाला खोबरेल चोळून दिलेलं. आमची मशीनची खोली म्हणजे एसीने गारढोण. त्याला पाटावर निजवलं, तोंडामानेवर जाळीचा मुखवटा घट्ट बसवला, सगळे बाहेर आले, जाड दार लागलं. मशीन थोडं गुणगुणलं, फिरलं, थांबलं. आमचा टेक्निशियन आत जाऊन मुखवटा सोडवायला लागला तर मामा कुडकुडत विचारतो, शेक कधी चालू होते? टेक्निशियन म्हणाला, झाला. मामाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला माहीत होती. काट्याखाली बोट लावणाऱ्या व्यापाऱ्याकडे तो तसा बघतो.

मला वाटलं होईल सवय. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बाकीच्या पेशंटांची झालीच होती. त्यांच्यात रोज चर्चा चाले. कोणाला मशीनमधून मुंग्या आल्यासारखं वाटे, कोणाला घरी गेल्यावर गोड लागत नसे, इंझोरीच्या एका आजींना तर आत असताना नातू दिसे. मामाला काहीच होत नव्हतं. ना चटका, ना वास, ना नातू. रोज मालेगावाहून एसटीने यायचं, थंडीत पडायचं आणि परत जायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याने प्रश्न विचारणं बंद केलं. मला बरं वाटलं. तिथेच मी चुकले, मामा गप्प बसतो तेव्हा तो काहीतरी करत असतो.

किरण सोडायच्या आधी आम्ही मानेचा एक फोटो काढतो, माणूस कालच्याच जागी निजलाय ना हे बघायला. एका सकाळी टेक्निशियनने मला हाक मारली. फोटोत मामाच्या मानेमागे बारीक बारीक दाणे दिसत होते. एका ओळीत, नीट. मी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गाठी म्हणाव्यात तर फार सारख्या, खडे म्हणावेत तर मानेत खडे कशाला होतील? आधीचे फोटो काढून बघितले तर काल नव्हते, परवा होते, पण परवा उजवीकडे होते. डॉक्टर पंधरा मिनिटं पडद्यासमोर उभे राहिले आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले की फिरणारे दाणे त्यांनी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेले नाहीत. मामाला विचारलं, मान दुखते का? तो म्हणाला, नाही, तब्येत झकास.

त्या रविवारी मामा आमच्या घरी आला. हातात ओलं गोणपाट, गुंडाळी केलेलं. आईला वाटलं भाजी आणली. त्याने गुंडाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर उलगडली. आत मेथीचे कोंब, दोन रांगांत, हिरवेगार. इकडे पेरणीच्या आधी बियाणं असंच तपासतात. ओल्या गोणपाटात दाणे मांडायचे, चार-सहा दिवस ठेवायचं, शंभरातले किती उगवले त्यावरून बियाणं खरं की खोटं ते ठरवायचं. दुकानदाराचा शब्द आणि पिशवीवरचा छाप यांपेक्षा मामाचा गोणपाटावर विश्वास.

त्याने सांगितलं, की डावी रांग घरच्या डब्यातली. उजवी रांग माझ्या हॉस्पिटलातली. मेथीचे दाणे मामीच्या जुन्या ब्लाउजच्या चिंधीत ओळीने गुंडाळून तो पाटावर आडवं होताना मानेखाली सरकवत होता आणि उठताना मुठीत घेऊन येत होता. रोज नाही, एक दिवसाआड, म्हणजे संशय नको. कॅन्सर जाळणारे किरण असतील तर मेथीसारखं नाजूक बियाणं जळायला हवं. ते सगळं उगवलं. उलट उजवी रांग जरा जास्तच तरारली होती.

"तुह्यी मशीन रिकामी हाय," मामा म्हणाला. "तुले मी दोष नाई देत. तुलेबी फसवून राह्यले."

मी आधी हसले. मग मला डॉक्टरांचा पुसलेला चष्मा आठवला आणि संताप आला. मी त्याला समजावलं की बियाण्याला एवढ्या डोसाने काही होत नाही, त्याला मारायला कितीतरी पट जास्त लागतं, माणसाची पेशी वेगळी, सुका दाणा वेगळा. तो ऐकून घेत होता, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाची कविता ऐकून घेतो. आई मधेच म्हणाली की एवढी कोवळी मेथी आहे तर मुगाच्या डाळीत टाकते. मी ओरडले. आईने तरी टाकली. जेवताना मामाने पुराव्याची दोन वाट्या भाजी खाल्ली आणि सांगून गेला, की तो उद्यापासून येणार नाही.

सोमवारी आला नाही. मंगळवारी मामीचा फोन आला. ती बोलायच्या आधीच रडत होती. मळ्यात पाणी देऊन राह्यले, म्हणाली, माह्याशी बोलत नाईत, अन् बोलले तं ऐकू येत नाई. डॉक्टर कॅलेंडरकडे बघून म्हणाले की अजून एक-दोन दिवस गेले तर हिशेब बिघडेल. दीड महिन्याच्या उपचाराने राहील तो आवाज हा माणूस मेथीच्या कोंबापायी घालवायला निघाला होता. त्याला कॅन्सरने गाठलं याचा मला तोवर नुसता त्रास होता. आता राग येत होता, आणि राग मामाचा येत होता.

संध्याकाळी मालेगाव गाठलं. मामा विहिरीजवळ उभा होता. विहिरीवर त्याने एक दिवा लावलाय, अंधार पडला की आपोआप पेटतो आणि उजाडलं की विझतो. दिव्याच्या डोक्यावर एक बटणाएवढा डोळा आहे. दिवसा त्यावर हात ठेवला की त्याला रात्र वाटते आणि तो पेटतो. मामा हा खेळ आल्यागेल्या सगळ्या पोरांना दाखवतो, मला तो निदान वीसदा दाखवलेला आहे.

मी म्हटलं, मामा, हा डोळा कसा चालतो माहीत आहे का? उजेड पडला की त्यातून वीज वाहायला लागते, अंधारात थांबते. माझ्याकडे असाच एक डोळा आहे, फक्त तो किरण पडले की जागा होतो. उद्या मशीनमध्ये तो ठेवते. तू समोर बसून बघ. मशीन रिकामी असेल तर त्यात वीज येणार नाही.

मामाने विचार केला. मग अटी घातल्या. पेटी त्याच्यासमोर उघडायची. आधी काही करून ठेवायचं नाही. बाजारात बंद पोतं सगळ्यांसमोर फोडतात, आधी फोडून शिवलेल्या पोत्यावर कोणी बोली लावत नाही. आणि तो सोबत आणील ती वस्तू मधे ठेवायची. मी डिटेक्टरच्या खोडीबद्दल सांगायला लागले, की पेटीतून काढल्यावर त्याला आधी थोडं खाऊ घालावं लागतं. तो म्हणाला, मंग तं बिलकूल नाई. मागच्या दारानं काही खाऊ घालायचं नाई. जे होईन ते माह्यापुढं.

मला तिथेच कळायला हवं होतं की हे कुठे जाणार. पण तो यायला तयार झाला होता, म्हणून मी सगळ्याला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन पेशंटांच्या मधल्या मोकळ्या वेळात, डॉक्टरांनी परवानगी दिली. मामा आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, काखेत एक लांब लौकी. टेक्निशियनने लौकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं विचारू नको. मी त्याच्यासमोर पेटी उघडली. मामाने डिटेक्टर हातात घेऊन बोटाने ठोकून पाहिला. आत काय आहे, विचारलं. मी म्हटलं, काच. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

मग डिटेक्टर प्लॅस्टिकच्या जाड पाट्यांमधे बसवला, तार बाहेर ओढली, आणि बाहेर येऊन दार लावलं. मामा पडद्यासमोरच्या स्टुलावर बसला. मशीन बंद असताना पडद्यावर शून्याच्या आसपास आकडा. तो त्याला पटला. मग मी किरण सोडले. आकडा उसळून वर गेला आणि नव्वदच्या जरा खाली थांबला. मामा पुढे झुकला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. म्हणाला, अजून एकदा.

तेवढेच किरण मी परत सोडले. आकडा नव्वदच्या वर गेला.

अजून एकदा, मामा म्हणाला. आता त्याचा आवाज बदललेला होता, जेवढा होता तेवढा. आकडा आणखी वर.

मामाने दुपट्टा झटकला. तो उठला. त्याने टेक्निशियनला सांगितलं, की माल तोच, काटा तोच आणि वजन तीनदा तीन. बाजारात असा काटा निघाला तर तो फोडतात आणि अडत्याला बाहेर काढतात. तो दाराकडे वळला. डॉक्टर तेवढ्यात आत आले होते, ते बाजूला सरकले, कारण ते सगळ्यांनाच वाट देतात.

मी भडकले. हॉस्पिटलात, कामाच्या खोलीत, डॉक्टरांसमोर. मी म्हटलं, "मामा, बस खाली. पोतं तुह्यासमोर फोडलं ना? आता पुरं पाह्यल्याबिगर उठाचं नाई." मला वाटतं माझ्या त्या बोलण्यात मामीचा सूर होता, कारण तो खरंच बसला.

मी चौथ्यांदा किरण सोडले. आकडा किंचित वर. पाचव्यांदा. सहाव्यांदा. आकडा तिथेच. परत. तिथेच. मी नुसतं बटण दाबत होते, कारण मला दुसरं काहीच सुचत नव्हतं. आकडा खिळा ठोकल्यासारखा एका जागी उभा. मामाची मान तिरकी झाली. तो हर्रासात व्यापाऱ्यांचे हात बघताना अशी तिरकी करतो.

मग त्याने मला अगदी बारीक, फाटक्या आवाजात विचारलं, "याले बी गळा मोकळा करा लागते काय व?"

मी मानेनेच हो म्हटलं. मी हेच तर काल विहिरीवर सांगत होते, आणि वर्गात याच गोष्टीवर हसले होते. तरी मला ते तसं म्हणायचं सुचलं नव्हतं.

मामाने स्टूल पुढे ओढलं. आता तो अडतीवर बसल्यासारखा बसला. पह्यले तीन देवाचे, त्याने डॉक्टरांना समजावून सांगितलं, ते धराचे नसतात, खरा भाव पुढं. डॉक्टर हो म्हणाले. मग त्याने लौकी पुढे केली. तिची जाडी त्याच्या गळ्याएवढी होती, त्याने मळ्यात दुपट्ट्याने मापून आणलेली. माझ्या गळ्याच्या जागी हिला धर, म्हणाला. मी लौकी डिटेक्टरच्या अगदी पुढे, झोताच्या वाटेत, आडवी ठेवली. ती घरंगळत होती म्हणून टेक्निशियनने तिला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, आणि सवयीने तिच्यावर मधल्या रेषेची खूणही केली. आम्ही बाहेर आलो. किरण सोडले. आकडा आला, पण आधीपेक्षा चांगलाच कमी.

मामाने परत पाहिलं, परत सोडायला लावलं, परत तेवढाच. लौकी काढून पाहिलं, आकडा जुन्या जागी. लौकी ठेवून पाहिलं, परत खाली. मग तो मागे टेकून बसला आणि त्याने निकाल दिला. जे आरपार आलं ते डोळ्याने पाहिलं. जे मधे कमी झालं ते लौकीने खाल्लं. म्हणजे गळाही खात असणार. मी आणि डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिलो, कारण एवढ्या तयारीने येऊन माणूस फक्त इतकंच विचारत होता, की किरण नुसतेच आरपार जातात की गळ्यात काही ठेवून जातात.

त्या दिवशीचा शेक त्याने लगेच तिथेच घेतला. मुखवटा बांधताना टेक्निशियनने त्याची मूठ उघडून बघितली. रिकामी होती.

लौकीचा प्रश्न राहिला. तिच्यात काही शिल्लक राहत नाही, खाल्ली तरी चालते, हे मी छातीठोकपणे सांगितलं. पण कोणी नेईना. टेक्निशियन म्हणाला घरी लहान लेकरू आहे, डॉक्टर म्हणाले ते लौकी खात नाहीत. मी स्वतःही नेली नाही, हे खरं. ती आठवडाभर आमच्या खोलीच्या खिडकीत पडून राहिली, मानेवर खूण केलेली, आणि बाकड्यावरचे पेशंट येता-जाता तिच्या तब्येतीची चौकशी करत.

पुढचे आठवडे वाईट गेले. किरण गळ्याला काहीच करत नाहीत म्हणणाऱ्या मामाचा गळा लाल झाला, घोट उतरेना, आणि राहिलेला आवाजही पूर्ण गेला. हे असं होतं, आम्हाला माहीत असतं, आम्ही आधी सांगतोही. पण माहीत असणं वेगळं आणि मामा घरात आल्यावर हाक ऐकू न येणं वेगळं. तो बोटांनी बोलायला लागला, हर्रासातली बोटं. मामीला तीन बोटं दाखवायचा आणि ती बिचारी तीन पोळ्या वाढायची, त्याला तीन वाजताची बस म्हणायचं असायचं. मामी मला म्हणाली, की लग्न झाल्यापासून या घरात शांतता नव्हती, दोन दिवस तिला फार बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी ती गोठ्यात जाऊन रडली. मामा मात्र एक दिवसही चुकला नाही. रोज पाटावर निजायच्या आधी माझ्याकडे बघून भुवया उंचावायचा. मी अंगठा वर करायची, म्हणजे डिटेक्टरचा गळा मोकळा झालाय, भाव खरा आहे. मग तो डोळे मिटून घ्यायचा.

उपचार संपले. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, गाठ दिसत नव्हती. आवाजाचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, थांबा, सूज उतरू द्या, काही जणांचा छान परत येतो. काही जणांचा, हे दोन शब्द मी घरी कोणाला सांगितले नाहीत. महिने गेले. मामा कुजबुजीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. अडतीवर एक दुसराच माणूस पुकारत होता. मामा तिथे नुसता जाऊन बसायचा.

मग एका पहाटे त्याने मला बाजारात बोलावलं. फोन मामीने केला, कारण ही कुजबुज फोनवर कळत नाही. मी गेले. ढीग मांडलेले होते, पुढे मेथीचा, त्याच्याच मळ्यातला. व्यापारी जमले होते. मामा मधे उभा राहिला, टोपी सारखी केली आणि पुकारायला तोंड उघडलं.

हवा निघाली. नुसती हवा.

व्यापारी म्हणजे काही हळवी जमात नाही. पण कोणी हललं नाही. मामाने हाताचा पंजा उभा करून सगळ्यांना थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. दुसऱ्यांदा पुकारलं, तर सायकलचा ब्रेक करकचावा तसं काहीतरी. तिसऱ्यांदा तेही फाटलं. मी बाकी सगळं विसरून मनात पडद्यावरचा आकडा बघत होते. धरायचे नाहीत, मी स्वतःला सांगत होते, हे धरायचे नाहीत.

चौथ्यांदा आवाज आला. पूर्वीचा नव्हे. जाडाभरडा, कडेला खरवडलेला. पण आवाज होता, भाव कळत होता, आणि फाटकाकडच्या ऑटोवाल्यांनी माना वळवल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला मी हात वर नेला.

सगळा बाजार हसला. पहिल्या ढिगावर आजवर कोणी हात वर केला नव्हता. मी घाईने हात खाली घेतला, नाही नाही म्हणाले, चुकून झालं म्हणाले. मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळेही भरलेले होते, पण तो हर्रासात उभा होता.

"झाली," तो म्हणाला, आणि ते शेवटच्या ओट्यापर्यंत ऐकू गेलं. "भाचीची झाली. आज पह्यला ढीग धरला."

भाव त्याने भरमसाट लावला होता आणि एक रुपया सोडला नाही. अडत, म्हणजे दलाली, वेगळी घेतली. बाजार झाडणाऱ्या बायका आपला ढीग गेला म्हणून माझ्यावर चिडल्या, म्हणून अर्ध्या जुड्या त्यांना दिल्या. उरलेली मेथी ऑटोत घालून मी तशीच हॉस्पिटलात गेले आणि बाकड्यावरच्या पेशंटांना वाटली. इंझोरीच्या आजी तपासणीला आल्या होत्या. त्यांनी जुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ही मशीनच्या आतून काढलेली आहे का बाहेरची. मी म्हटलं, बाहेरची. मग त्यांनी अजून एक मागून घेतली.